चौथ्या मैलाचा राखणदार

१४ सप्टेंबर, रविवार

अक्षदानं विचारलं, "आजोबा, परळला परळ का म्हणतात?" शाळेतून लिहून आणायला सांगितलंय – माझा परिसर. मी भाजी निवडत होतो. म्हटलं, "परळ म्हणजे परळ." तिनं ते वहीत लिहून घेतलं. 'माझे आजोबा म्हणतात, परळ म्हणजे परळ.' आता ते बाई वाचणार. नात सहावीत आणि आजोबा असे! अख्खा जन्म या चाळीत गेला आणि नातीला एक ओळ सांगता येत नाही.

म्हटलं खोड. म्हणाली, "पेनानं लिहिलंय."

मुलाच्या, स्वप्नीलच्या ऑफिसातून मिळालेली ही डायरी नऊ महिने कोरी पडली होती. आमची ही, शेवंती, तिच्यावर गरम टोप ठेवायला लागली होती. वाया जायला नको म्हणून लिहायला घेतली. दुसरं काही कारण नाही.

१६ सप्टेंबर

नाक्यावरच्या वाचनालयात गेलो. खालून किती वर्षं पाहतोय, पायरी चढलो नव्हतो. भीती अशी की विचारतील, शिक्षण किती? पाचवी म्हटलं तर हसतील. कोणी विचारलं नाही. टेबलाशी इरावतीबाई म्हणून आहेत, स्वेटर विणत बसतात, या उकाड्यात. म्हटलं, परळला परळ का म्हणतात ते पाहिजे. त्यांनी सुया खाली ठेवल्या. म्हणाल्या, "काका, असं विचारायला इथे बऱ्याच दिवसांत कोणी आलं नाही."

जाडजूड पुस्तक दिलं. घरी न्या म्हणाल्या. नको म्हटलं – घरी डाळ सांडेल, उंदीर आहेत, माझ्या हातून हरवेल. तिथेच बसून वाचलं. ओळीवर बोट ठेवल्याशिवाय मला वाचता येत नाही. बाजूचा पोरगा बघत होता. बघू दे.

परळच्या नावाबद्दल दोन मतं आहेत. कोणी म्हणतं पाडळ नावाच्या झाडावरून, कोणी म्हणतं परळीच्या वैजनाथाचं देऊळ होतं त्यावरून. मी घाबरलो. पुस्तकालाच नक्की माहीत नाही, तर मी पोरीला काय सांगू?

अक्षदाला दोन्ही सांगितली. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. "दोन्ही लिहिते."

१९ सप्टेंबर

पुन्हा गेलो. उद्याही जाणार. शेवंती म्हणते, "वाचनालयात काय चाय मेळता?"

२५ सप्टेंबर

मुंबई सात बेटं होती. ऐकून होतो, पण 'म्हणतात' असं ऐकून होतो. आज नकाशा पाहिला. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. मध्ये खाडी. आपलं परळ हे एक बेट! पाणी हटवत हटवत एकाला एक जोडली. हिंदमाताच्या नाक्यावर दरसाल कमरेएवढं पाणी भरतं, साड्यांचे दुकानवाले गाठोडी वरच्या फळीवर टाकतात, आणि आम्ही पालिकेला शिव्या देतो. ती जागाच सखल. पाणी बिचारं जुन्या सवयीनं येतं.

पोर्तुगालच्या राजानं बहिणीच्या लग्नात मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदण दिली. घरी येऊन शेवंतीला सांगितलं. पोळी उलटत म्हणाली, "आणि माज्या बापाशीन काय दिल्यान तुमका? पितळेची कळशी. ती पण गळकी." मग थोड्या वेळानं, "त्या पोरीक कोणी इचारल्यानी काय, मुंबय देतंव म्हणून?"

हा प्रश्न पुस्तकात नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

अक्षदा दोन पोरांना घेऊन आली. तिसऱ्या माळ्यावरचा मयूर – पाय कधी जागेवर नसतात – आणि शेजारची छोटी आकांक्षा, पहिलीतली. गॅलरीच्या टोकाला चटई टाकली. मी सालांची यादी पाठ केली होती. सोळाशे एकसष्ट, सोळाशे अडुसष्ट… मयूर म्हणाला, "आजोबा, बोअर होतंय." आकांक्षा झोपली.

रक्तदाब वाढला असणार. डोकं जड आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

भिवा आला होता. पांढरा सदरा, पांढरी विजार – आज त्यांचा मोठा दिवस, धम्मचक्राचा. शिवडीच्या गोदामात आम्ही जोडीनं पोती उचलली, त्याला आता जमाना झाला. पलीकडच्या चाळीत राहतो. आपटा देतो म्हटलं तर म्हणाला, "पान ठेव, चहा दे." दर वर्षी हेच.

त्याला पोरांचं सांगितलं. म्हणाला, "लवू, तू शिकवतोस का झोपवतोस? देवदिवाळीला तुमच्या फाटकावरच्या राखणदारापुढे गाऱ्हाणं घालतोस, तेव्हा आमच्या चाळीपर्यंत आवाज येतो. टीव्ही बंद करून लोक ऐकतात. मी ऐकतो, मी तर तुझा देवही मानत नाही. तसं बोल की."

म्हटलं, अरे ते देवाचं आहे.

"मग इतिहास काय सैतानाचा आहे?"

५ ऑक्टोबर, रविवार

केलं! देवा, माफ कर, पण केलं.

उभा राहिलो, हात जोडले, पोरांना सांगितलं, मी थांबलो की तुम्ही ओरडायचं. आणि गाऱ्हाण्याच्या चालीत सुरू केलं –

"बा म्हाराजा, सात बेटां होती, मधी खाडी होती –"

"व्हय म्हाराजा!"

"पोर्तुगालच्या राजान भैणीच्या लग्नात मुंबय आंदण दिल्यान –"

"व्हय म्हाराजा!"

"इंग्रजाच्या राजाक ती परवडना, म्हणान कंपनीक वर्साक धा पौंड भाड्यान दिल्यान –"

"व्हय म्हाराजा!"

मयूरचा आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा आहे. चार पोरं आणखी आली. खालच्या माळ्यावरून कुणीतरी विचारलं, "काय रे, देवदिवाळी आजच?" शेवटी पुन्हा विचारलं तर सगळ्यांना सगळं येत होतं. आकांक्षालासुद्धा. ती 'धा पौंड' म्हणताना हाताची दहा बोटं दाखवते.

शेवंती दाराआडून ऐकत होती. "देव रागावतलो हां." मग मला म्हणाली, "आंदणाचा परत एकदा सांगा."

आज जेवण चांगलं गेलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

पोरांना शिवडीच्या किल्ल्यावर नेलं. सून मेघना बरोबर होती म्हणून हिंमत केली. ट्रकचा रस्ता, काही झालं तर लोक मला विचारतील. गोदामात ओझं चढवताना आम्ही एका दोराला धरून चालायचो, तसा एक दोर घेतला आणि सगळ्यांनी धरायचा म्हटलं. मयूर म्हणाला, "आम्ही काय बकऱ्या आहोत?" पण धरला.

त्या किल्ल्याच्या सावलीत मी डबा खाल्ला, वर्षानुवर्षं. वर कधी गेलो नव्हतो. काम सुटलं की घर. आज गुडघे धरून चढलो. वरून खाडी, चिखल, पलीकडे पूल, आणि माझं गोदाम अगदी काडेपेटीएवढं. मेघना म्हणाली, "बाबा, पाणी प्या, तुमचे डोळे लाल झालेत." वाऱ्यानं झाले असतील.

१५ ऑक्टोबर

इरावतीबाईंनी आज दगडांचं प्रकरण दाखवलं. वीरगळ – लढाईत पडलेल्याचा दगड. सतीचा दगड – त्यावर बाईचा कोपरातून उभा हात, बांगड्या भरलेला. पूर्वी कोकणात, साष्टीत, ठिकठिकाणी असे उभे असत. पुढे लोकांनी पायरीला घातले, विहिरीला लावले. वाचून कसंसंच झालं. पोरांना वीरगळ सांगीन. दुसरं मोठी झाल्यावर.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीचा किल्ला. दर वर्षी पोरं चाळीच्या चौकात मातीचा किल्ला करतात, मंडळाची स्पर्धा असते. यंदा अक्षदानं जाहीर केलं, किल्ला नाही, सात बेटं करायची. माझं काही ऐकलं नाही. मी म्हटलं, नंबर येणार नाही गं, मला बोलतील. म्हणाली, "व्हय म्हाराजा."

प्लास्टिकचा मोठा कागद घातला, माती घातली, मध्ये पाणी. हळीव पेरलंय, उगवलं की झाडं. शिवडीला गुलाबी कागदाचे रोहित पक्षी. मयूरला मावळे ठेवल्याशिवाय चैन नाही, म्हणून परळ बेटावर सगळे मावळे उभे.

चाळीचे अध्यक्ष गंगाधर आले. हातात किल्ल्यांचा जुडगा, कायम. "लवूकाका, किल्ला कुठाय?"

आकांक्षानं बोट दाखवलं. "तो काय, शिवडीला."

एवढासा होता. गंगाधरनी बराच वेळ पाहिलं. "बरं आहे," म्हणाले. "पण पाणी चौकात सांडू देऊ नका."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

नंबर आला नाही. परीक्षक मात्र दोनदा परत येऊन पाहून गेले, आणि त्यातल्या एकांनी मयूरला विचारलं, "माझगाव कुठलं?" पोरं त्यावरच खूश. मी उगाच काळजी केली.

२९ ऑक्टोबर

इथे लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

पुस्तकात एक फोटो होता. कंबरेएवढा काळा दगड, खाली रुंद, वर निमुळता, माथा गोल. खाली लिहिलंय – मैलाचा दगड. इंग्रजांनी कोटातल्या, म्हणजे आताच्या फोर्टातल्या, मोठ्या चर्चपासून मोजून दर मैलाला असा एक उभा केला, आणि त्यावर आकडा कोरला. रस्ते वाढले, भराव पडले, कितीतरी दगड गाडले गेले, काही लोकांनी पुजायला घेतले.

तो दगड मी ओळखतो. आमच्या चाळीच्या फाटकाशी पत्र्याच्या छपराखाली, कुंपणाच्या भिंतीला पाठ टेकून उभा आहे. आमचा राखणदार! माझ्या वडिलांच्या आधीपासून. देवदिवाळीला त्याला नारळ, केळी, आणि मी गाऱ्हाणं घालतो. वडिलांनी घातलं, त्यांच्यानंतर मी. शेंदूर इतका चढलाय की मूळ दगड कुणी पाहिलेला नाही. पोटावर खाचा लागतात, त्याला आम्ही त्रिशूळ म्हणतो. गाऱ्हाण्यात शब्दच आहेत – 'आंगावर त्रिशूळ मिरवणाऱ्या म्हाराजा'.

आकडा तर नसेल?

३० ऑक्टोबर

सकाळी तेल लावायच्या निमित्तानं बोट फिरवलं. जसं पुस्तकाच्या ओळीवर फिरवतो, तसंच. एक उभी रेघ. शेजारी दोन तिरक्या, खाली एकत्र येणाऱ्या. त्रिशूळाला दांडा मधे असतो. हा बाजूला आहे.

इतकी वर्षं हात लावतोय आणि हे बोटाला कळलं नाही.

भिवाला सांगितलं. तो चहा पीत होता, ठसका लागेपर्यंत हसला. मग म्हणाला, "लवू, दगड तर तो आधीपासून होताच. आता निदान शिकलेला निघाला."

म्हटलं, चेष्टा नको. पोरांना सांगू का नको?

भिवा गंभीर झाला. "आमच्या लोकांना कुणी आमचं खरं सांगितलं नव्हतं. आम्हाला ते स्वतः शोधायला लागलं. तू काय ते ठरव."

२ नोव्हेंबर, रविवार

पोरं आली. मी बाकीचंच सांगत राहिलो. मयूरनं विचारलं, "आजोबा, आपला राखणदार किती जुना?" मी म्हटलं, "खूप जुना."

पोरं गेल्यावर अक्षदा म्हणाली, "तुम्ही नेहमी दोन मतं सांगता. आज एकपण नाही सांगितलंत."

६ नोव्हेंबर

शेवंतीला सांगितलं. तिनं गॅस बंद केला. तिन्हीसांजेला राखणदाराला दिवा लावायला ती रोज जाते, आजही गेली. परत आल्यावर चहा दिला, त्यात साखर नव्हती. मी तसाच प्यालो.

९ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

पोरांना फाटकाशी नेलं, म्हटलं, इथे बोट लावा. अक्षदानं लावलं. दोनदा. "आजोबा, हा रोमन चार आहे. आमच्या पुस्तकात आहे." कोटातल्या चर्चपासून चार मैल. मयूर तिथल्या तिथे धावत सुटला – मैल केवढा ते त्याला पायानं बघायचं होतं. त्याला नाक्यावरून पकडून आणलं.

छोट्या आकांक्षानं विचारलं, "म्हणजे हा देव नाही?"

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "दगड इंग्रजांनी लावला एवढं मला कळतं. पुढचं मला सांगता येत नाही बाळा."

तिनं राखणदाराला नमस्कार केला. मग मलाही केला. मग घरी गेली आणि सगळं आईला सांगितलं.

१० नोव्हेंबर

संध्याकाळी गंगाधर आले. बसले नाहीत. "लवूकाका, पोरांना काय शिकवताय तुम्ही? निम्मी चाळ माझ्या दारात आली होती. बायका रडतायत." म्हटलं, खोटं नाही सांगितलं. म्हणाले, "खरं-खोट्याचं राहू द्या. चाळ आज ना उद्या पाडणार. तिथे देव आहे म्हटलं की बिल्डर जागा सोडतो. मैलाचा दगड आहे म्हटलं की जेसीबी लावतो. तुम्ही त्यांच्या हातात कागद देताय."

हे मला सुचलंच नव्हतं. मला नेहमी नको ते सुचत राहतं आणि हवं ते सुचत नाही.

जाताना म्हणाले, "यंदा गाऱ्हाणं मोबाईलवर लावू. मिळतं तयार." मंगळवारी मीटिंग आहे, म्हणजे पुढच्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

चटई टाकली. अक्षदा आली. बाकी कुणी नाही. थोड्या वेळानं जिन्यावरून मयूरचं डोकं दिसलं, मग त्याच्या आईची हाक आली, डोकं गेलं.

एकटीसाठी काय सांगायचं! तरी अक्षदा म्हणाली, "सांगा ना." सांगितलं. एकटीच 'व्हय म्हाराजा' म्हणाली. हळू. खाली ऐकू जाऊ नये म्हणून.

माझं बोलणं आयुष्यात कधी कुणी ऐकून घेतलं नव्हतं. गोदामात मुकादम बोलायचा, घरी वडील, मग स्वप्नील मोठा झाला. हे दोन महिनेच काय ते. गाऱ्हाणं गेलं तरी चालेल, दुसरा कुणी घालील. पोरं आली पाहिजेत. एवढंच. राखणदाराला हेच सांगितलं असतं, पण आता त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

१७ नोव्हेंबर

वाचनालयात गेलो, पुस्तक उघडलंच नाही. इरावतीबाईंनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे मैलाचे दगड शहराचा वारसा धरतात, असा कुणीही उचलून नेऊ शकत नाही. म्हटलं, हे उद्या मीटिंगमध्ये तुम्ही येऊन सांगाल का? म्हणाल्या, "काका, चाळ तुमची आहे. तुम्ही सांगा."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मीटिंग झाली. चौकात खुर्च्या. स्वप्नील सुट्टी घेऊन माझ्या बाजूला बसला, हे मला अपेक्षित नव्हतं.

मी वारशाचं सांगितलं. जीभ अडखळली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे काय, देवपण नाही आणि काढायचापण नाही?" लोक हसले. गंगाधर म्हणाले, "मुद्दा असा आहे की लवूकाकांच्या मते आपण इतकी वर्षं दगडाला नारळ दिला."

तेव्हा शेवंती उठली. मीटिंगमध्ये ती कधी येतही नाही. माझ्याशी दहा-बारा दिवस धड बोलली नव्हती, मला वाटलं, आता संपलं.

म्हणाली, "हो स्वप्नील दोन वर्साचो असताना तापान फणफणलेलो. डाक्टरान हात टेकल्यान. मी त्या राखणदारापुढे पदर पसरलंय. पोरगो उठलो. आता ह्ये म्हणतत तो मैलाचो दगड. असात. मगे मैलाच्या दगडान बरो केल्यान. तुमका काय त्रास?"

कुणी हसलं नाही. स्वप्नील खाली बघत होता.

ती बसता बसता गंगाधरना म्हणाली, "आणि मोबाईल नारळ फोडतलो काय रे?"

मग मात्र सगळे हसले. गंगाधरसुद्धा. म्हणाले, "ठीक आहे, लवूकाका घालतील. पण काका, देवासमोर नीट बोला."

घरी आल्यावर शेवंतीनं चहा केला. साखर दोन चमचे.

२१ नोव्हेंबर, देवदिवाळी

काल दिवसभर शब्द जुळवत होतो. 'त्रिशूळ' काढायचं तर तिथे काय म्हणायचं? चाल मोडता कामा नये. वडिलांचं गाऱ्हाणं मी बदलतोय, हेही मनात.

चौक भरला होता. गॅलऱ्यांत माणसं. पलीकडच्या चाळीच्या खिडकीत भिवा. राखणदाराला आंघोळ घातली, तेल, शेंदूर, झेंडूचा हार. पोरं आपापल्या आयांजवळ उभी. मी नारळ हातात घेतला आणि डोळे मिटले, म्हणजे कुणी दिसायला नको.

"बा राखणदारा म्हाराजा –"

"व्हय म्हाराजा," गंगाधर आणि चार म्हातारे. तेवढेच.

"कोटातल्या चर्चीपासून चार मैल मोजून तुका हंय उभो केल्यानी –"

कुणी काही म्हणालं नाही. झालं, म्हटलं. आणि मागून एक बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा!" आकांक्षाचा. दहा बोटंही दाखवली असतील, मी डोळे मिटलेले होते.

"बग्ग्यो गेल्यो, बैलगाड्यो गेल्यो, तू वाट दाखवलंस –"

"व्हय म्हाराजा!" हा मयूरचा भोंगा.

"गोरे गेले, गिरण्यो इल्यो, गिरण्यो गेल्यो, तू हंयच रवलंस –"

"व्हय म्हाराजा!" आता गॅलऱ्याही.

"आमच्या पोरांक तापातसून उठवलंस –"

इथे शेवंतीचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

"तू दगड आसस ता आमका ठाऊक आसा. तू आमचो आसस ताय ठाऊक आसा. जेसीबीक तुज्या आंगाक हात लावूक देऊ नको. पोरांक शाणी कर. खरा बोलूची बुद्धी दी, आणि खरा ऐकूचीय दी –"

"व्हय म्हाराजा!!"

नारळ एका फटक्यात फुटला. गंगाधरनी खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "जेसीबीचं चांगलं घातलंत."

पलीकडून भिवा ओरडला, "लवू, प्रसाद इकडे पाठव! इतिहासाचा आहे, मला चालतो."

खूप दिवसांनी गाढ झोप लागेल असं वाटतंय. गॅस बघितलाय. कडीही बघितली.

२३ नोव्हेंबर, रविवार

चटई पुरली नाही. मोठी पोरंही आली, मयूरची आईसुद्धा दारात उभी होती. आधी राखणदाराजवळचं निर्माल्य उचलू म्हटलं. भिंत आणि दगड यांच्या मधल्या फटीत जुनी फुलं किती वर्षांची अडकलेली. कुणाचा हात जाईना. आकांक्षाचा गेला, खांद्यापर्यंत. मी ओरडलो, विंचू असेल! ती म्हणाली, "आजोबा, मागेपण कोरलंय." काय कोरलंय? ती आत चाचपत राहिली. "हात आहे. असा उभा. बांगड्या घातल्यात."

मला इरावतीबाईंनी दाखवलेलं पान आठवलं – सतीचा दगड.

म्हणजे इंग्रजांनी जुनाच दगड उचलून त्याच्या पाठीवर आकडा घातला. त्या आधी कितीतरी वर्षं ती इथेच कुठेतरी उभी होती. आणि आम्ही इतकी वर्षं तिला म्हाराजा म्हणत होतो.

शेवंतीला हाक मारून सांगितलं. ती घरात गेली आणि हिरवा खण घेऊन आली.

आकांक्षानं विचारलं, "तिचं नाव काय?"

मी म्हटलं, माहीत नाही.

अक्षदानं ते वहीत लिहून घेतलं.